काटकोनातला हिवाळा

चंदीगडलगतच्या खरडला सातव्या मजल्यावर राहायला आल्यापासून मला धुकं दिसत नाही. मी त्याच्या आतच असतो. डिसेंबर सरता सरता एका सकाळी खिडकीबाहेरचं जग पुसलं जातं. समोरची अर्धवट इमारत जाते, तिच्यावरची ‘राजेशाही राहणीमान’ असं इंग्रजीत सांगणारी पाटी जाते, आणि ते नुकसान मी शांतपणे सोसतो. खाली किन्नू, म्हणजे इकडची संत्री, विकणाऱ्याची हातगाडी जाते, त्याची आरोळी तेवढी उरते. वसुधा, म्हणजे माझी बायको, चहाचा कप हातात देते आणि म्हणते, “आलं तुमचं धुकं.” ‘तुमचं’ या शब्दावर ती जो किंचित भार देते, त्यात एक अख्खा हिवाळा मावलेला असतो.

तो हिवाळा नव्वदच्या दशकाच्या अखेरचा. तेव्हा आम्ही सेक्टर तीसमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मी एका प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं बनवत असे, वसुधा विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत असे. देशाची दारं उघडून काही वर्षं झाली होती. त्या दारांतून थंड पेयं आली, परदेशी गाड्या आल्या, रात्रंदिवस चालणाऱ्या वाहिन्या आल्या, आणि सगळ्यांच्या मागून, हातमोजा चढवत, गोल्फ आला. चंदीगडात तो आधीही होता, पण साहेबलोकांपुरता. आता त्याला ‘संपर्क वाढवणं’ म्हणू लागले आणि ज्यांनी जन्मात कधी पहाटे उठून दूध आणलं नव्हतं अशी माणसं पहाटे उठून गवतावर चालू लागली. पूर्वी माणूस मोठा झाला हे कळायला त्याच्या गाडीवरचा दिवा बघावा लागे. आता हात बघितले तरी पुरे होतं. हातमोजा डाव्याच हातात घालतात. त्यामुळे रापलेला उजवा आणि गोरापान डावा, असे दोन वेगळ्या घराण्यांतले हात घेऊन बडे अधिकारी लग्नांत मटार-पनीर जेवताना दिसत.

मी या सगळ्याची टिंगल करत असे. टिंगल अभ्यासपूर्ण व्हावी म्हणून एका रविवारी बघायला गेलो, आणि तिथेच अडकलो.

नेणारे होते कर्नल घोरपडे. कोल्हापूरचे. लष्कराच्या हद्दीतल्या मैदानावर त्यांना खेळता यायचं आणि पाहुणे नेता यायचे. दुसरे पाहुणे डॉक्टर काळमेघ. मूळचे अकोल्याचे, इथल्या मोठ्या इस्पितळात भूल देत. बदलीवर निघालेल्या एका मेजरचा काठ्यांचा जुना संच मी विकत घेतला, आणि आमचं त्रिकूट झालं.

खेळाचं मला फार वेड लागलं होतं असं नाही. वेड होतं त्या तीन-चार तासांच्या मराठीचं. घरी मुलीशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर द्यायची. “मुक्ता, जेवलीस का?” “हाँ बाबा, खा लिया.” वसुधाशी मराठी होती, पण लग्नाला अठरा-वीस वर्षं झाली की नवरा-बायकोच्या भाषेत गॅसचा सिलिंडर, विजेचं बिल आणि “मी तेव्हाच म्हटलं होतं” एवढंच शिल्लक राहतं. मोकळी, बिनकामाची, मधूनच शिवीला जागा असलेली मराठी मला आठवड्यात एकदाच मिळायची. चेंडू झुडपात गेला की घोरपडे ओरडायचे, “अरं मर्दा, झाडाचं काय देणं लागतोस व्हय?” त्यावर काळमेघ, “राहू द्या ना बाप्पा, मायबोलीत शोधून राहिला तो.” आणि मग त्या धुक्यात तीन प्रौढ, सुशिक्षित, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे पुरुष पोट धरून हसायचे. कशाला हसलो ते दुसऱ्या दिवशी सांगता आलं नसतं.

आणि त्या डिसेंबरात माझं आयर्न बिघडलं.

आयर्न म्हणजे लोखंडी पात्याची काठी. पातं दांड्याला जिथे जोडलेलं असतं तिथे एक गोल मान असते. चेंडू पात्याऐवजी त्या मानेला लागला, की समोर जायचं सोडून तो उजवीकडे, जवळजवळ काटकोनात पळतो. तो रविवार मला स्वच्छ आठवतो. म्हणजे धुकं दाट होतं, पण आठवण स्वच्छ आहे. मी फटका मारला, ‘टण्ण’ असा मेलेला आवाज झाला, आणि चेंडू उजवीकडे उभ्या असलेल्या नव्या विश्रामगृहाच्या कोनशिलेवर जाऊन आदळला. कोनशिलेवर कुणा वरिष्ठांच्या हस्ते, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत आणि कुणाच्या कृपाछत्राखाली हे सारं संगमरवरात कोरलेलं होतं. चेंडू बरोबर ‘कृपाछत्रा’वर लागून परत आला. पुढचाही तसाच गेला. त्याच्या पुढचाही.

माझे दोन्ही मित्र हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. घोरपडे माझ्यापासून दोन पावलं मागे सरकले. काळमेघांनी नजर धुक्यात वळवली.

“शँक,” मी म्हणालो.

“नाव घेऊ नको बे!” भूलतज्ज्ञ किंचाळला.

आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. गोल्फवाल्यांत तसं या फटक्याचं नाव घ्यायचं नसतं, कारण हा फटका संसर्गजन्य आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे. त्याचा आवाज ऐकला तरी लागतो. काळमेघ मला गंभीरपणे म्हणाले, “हे पसरते भाऊ. मी पाह्यलं आहे. एका सर्जनला झालं होतं, पूर्ण डिपार्टमेंट गेलं.” घोरपडे बुटाच्या टोकानं गवत उकरत होते. “तसं काही नाही रे लेका. पण थोडे दिवस विश्रांती घे. नीट झालं की ये.”

त्याच वर्षी गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळात माझं ‘वैज्ञानिक दृष्टिकोन आणि आपण’ या विषयावर व्याख्यान झालं होतं, हे इथे सांगायला हवं. अध्यक्ष होते डॉक्टर काळमेघ. आभार मानले होते कर्नल घोरपड्यांनी.

त्या रविवारी मी लवकर घरी आलो. वसुधा मागच्या अंगणात उन्हाची वाट बघत मटार सोलत बसली होती.

“आज एवढ्यात?”

मी सांगितलं. तिनं शेंग सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “थोडक्यात, तुम्हाला बाहेर बसवलंय.”

“तसं नाही...”

“शिवायचं नाही, जवळ उभं राहायचं नाही, नाव घ्यायचं नाही. मग दुसरं काय असतं?” तिच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी मुक्ताच्या जन्मानंतर प्रथमच पाहिला.

वसुधाचं माहेर मिरजेचं. तिथे तिच्या आत्याचं राज्य होतं. महिन्यातले चार दिवस वसुधानं मागच्या दाराजवळच्या खोलीत बसायचं, वेगळी सतरंजी, वेगळा पेला. आत्या चहा आणायची तो वरून ओतायची; धार हातभर उंचावरून पेल्यात पडायची आणि आत्याचा नेम कधी चुकायचा नाही. सर्वांत कडक नियम लोणच्याच्या बरणीचा. तिला हात लावायचा नाही, तिच्यावर सावली पडू द्यायची नाही, नाहीतर लोणच्याला बुरशी येते. वसुधा रसायनाच्या पुस्तकातून व्हिनेगर आणि मिठाचे दाखले द्यायची. आत्या म्हणायची, “तुझं पुस्तक वेगळं, माझी बरणी वेगळी.” पुढे आत्या गेली आणि जाताना ती बरणी वसुधाला ठेवून गेली. पांढरी, वर तपकिरी झाकणाची, चिनी मातीची. मिरजेहून चंदीगडपर्यंत वसुधानं ती मांडीवर घेऊन आणली होती. तीत ती दर उन्हाळ्यात लोणचं घालायची आणि महिन्याचे सगळे दिवस स्वतःच्या हातानं काढायची. बुरशी आली नाही.

मी मात्र कामाला लागलो. मोजमाप हाच माझा धंदा. प्रयोगशाळेतून आणलेला कार्बन पेपर पात्याला चिकटवला, अंगणातल्या दोरीवर जुनी रजई टांगली आणि तिच्यावर चेंडू मारू लागलो. ठसे उमटत गेले. सगळे मानेपाशी. आलेख काढला. वसुधानं तो चष्मा लावून पाहिला.

“यावरून काय सिद्ध होतं?”

“चेंडू चुकीच्या जागी लागतोय.”

“हे त्या कोनशिलेलाही कळलं असेल.”

रजई समोर होती. चेंडू उजवीकडे, शेजारच्या भल्ला आंटींच्या फुलकोबीच्या वाफ्यात जात होते. आंटी कुंपणावरून चेंडू परत करत आणि विचारत, “भाईसाहब, गोभी से कोई दुश्मनी है?” मुक्ता बारावीचा अभ्यास सोडून खिडकीत येई. “बाबा, आप घूमके खड़े हो जाओ ना, फिर सीधा जाएगा.” तिच्या म्हणण्यात भूमितीची चूक नव्हती.

सल्ल्यांचा दुष्काळ मात्र नव्हता. चंदीगडात रस्ता विचारला तर लोक सेक्टरचा आकडा सांगून मोकळे होतात, पण गोल्फचा सल्ला न मागता गाडी थांबवून देतात. कुणी म्हणालं, डोकं खाली ठेवा. कुणी म्हणालं, डोक्याचा विचारच करू नका, आणि हा सल्ला देणाऱ्याकडे पाहून तो त्यानं स्वतः किती निष्ठेनं पाळला आहे हे कळत होतं. काठी पाखरू धरल्यागत हलकी धरा. पोट आत घ्या. आमच्या संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून घेऊन, आपण त्या अवस्थेतून गेलो होतो असं हळू आवाजात कबूल केलं. उपाय काय, असं विचारताच म्हणाले, “मी टेनिस सुरू केलं.” ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात या रोगावरच्या प्रकरणाच्या आरंभीच लिहिलं होतं की ज्यांना तो झालेला नाही त्यांनी हे पान उलटावं.

त्या पुस्तकानं मला एक गोष्ट शिकवली, जी मी अजून विसरलेलो नाही. पात्याचा उत्तम भाग आणि ती मान यांच्यात जेमतेम दोन बोटांचं अंतर असतं. म्हणजे सर्वांत वाईट फटका हा सर्वांत चांगल्या फटक्याचा सख्खा शेजारी आहे; साधारण फटके दोघांपासूनही दूर, सुरक्षित वस्तीत राहतात. कारणही साधं होतं. फटका छान बसावा म्हणून माणूस चेंडूवर झुकतो, वजन टाचांवरून चवड्यांवर येतं, हात पुढे जातात, आणि पात्याच्या आधी मान पोचते. चेंडूच्या फार जवळ जायचं नसतं. मला मिरजेच्या आत्याची आठवण आली, पण मी ती वसुधाला सांगितली नाही.

उपाय असा दिला होता: चेंडूच्या पलीकडे, जरा अंतरावर एखादी वस्तू ठेवा आणि तिला न लागता चेंडू मारा. मी बुटांचं खोकं ठेवलं. खोकं फाटलं. दुसरं ठेवलं, तेही फाटलं. खोक्यांची मला भीती नव्हती, हीच अडचण होती.

दरम्यान रविवार येत होते आणि माझ्याशिवाय जात होते. मी उन्हात बसून वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या स्थळांच्या जाहिरातीसुद्धा वाचू लागलो. फोनवर काळमेघ म्हणाले, “तिसरा गडी मिळाला. गिलसाहेब. रिटायर्ड आहेत. सज्जन आहेत ना एकदम.” सज्जन! शिवी चालली असती. घराबाहेरची माझी एकमेव मराठी एका सज्जन माणसामुळे बंद पडत होती, आणि मी आजवर बाळगलेल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाचा तिथे काही उपयोग नव्हता. संसर्गाची समजूत खोटी आहे हे मी त्यांना पटवू शकत नव्हतो, कारण ती खोटी आहे हे त्यांना माहीत होतंच.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. मी खोकं शोधत होतो. वसुधा आतून आली, तिच्या दोन्ही हातांत आत्याची बरणी होती. भरलेली. तिनं ती चेंडूच्या पलीकडे, बरोबर तीन बोटांवर ठेवली, झाकण नीट बसवलं आणि पदर खोचून खुर्चीत बसली.

“मारा.”

“वेड लागलंय का?”

“लोणच्याला शिवायचं नाही. आम्हाला सगळ्यांना जमलं. बघू तुम्हाला जमतंय का.”

मी काठी उचलली. बरणी चकाकत होती. तिच्यात मिरज होतं, आत्या होती, गेल्या मेमधल्या कैऱ्या होत्या, आणि ती फुटली तर माझ्या उरलेल्या संसारात दररोज दोन वेळा ताटाच्या डाव्या बाजूला रिकामी जागा दिसणार होती. माझ्या टाचा आपोआप जमिनीत रुतल्या. चवडे हलके झाले. हात अंगाशी आले. मी फटका मारला, खरं म्हणजे बरणीपासून पळ काढला आणि वाटेत चेंडू भेटला. रजईत ‘धप्प’ असा आवाज झाला. किती तरी आठवड्यांनी तो आवाज मी ऐकत होतो. भल्ला आंटी कुंपणाशी आल्या, वाफ्यात काही पडलं नाही हे पाहून काळजीत पडल्या. “सब ठीक है ना, भाभीजी?”

पंधरवडाभर रोज संध्याकाळी बरणी बाहेर येई आणि दिवेलागणीला आत जाई. माझं मन अजून घाबरत असे, पण पाय शहाणे झाले होते. मी कुणाला फोन केला नाही. बाहेर बसवलेल्या माणसानं स्वतःहून ‘मी आता आत येऊ का’ म्हणायचं नसतं. तेवढा मान मलाही होता.

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी असं धुकं पडलं की समोरचं फाटक दिसेना. कुणी तरी ते उघडलं. धुक्यातून आधी टोपी आली, मग खांद्यावर दोन काठ्या, मग कर्नल घोरपडे. चेहरा असा की मला वाटलं, सीमेवर काही तरी झालं.

“काय झालं?”

 ते माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसले आणि पुटपुटले, “सरक जरा. मलाबी झालंय.”

“काय?”

“नाव घेऊ नको म्हटलंय न्हवं का!”

हळूहळू सगळं बाहेर आलं. गिलसाहेब खरोखरच सज्जन होते. त्यांच्यासमोर मराठी बोलणं बरं दिसेना म्हणून हे दोघे हिंदी बोलू लागले. हिंदीत ते एकमेकांना ‘जी’ म्हणू लागले. शिव्या गेल्या, मग थट्टा गेली, मग बोलणंच गेलं. शेवटी गिलसाहेबच कंटाळून म्हणाले होते, “ओ यार, तुसी गॉल्फ खेलण आए हो, या किसे दे भोग ते?” भोग म्हणजे त्यांच्याकडे माणूस गेल्यानंतरचा, आपल्या दहाव्या-तेराव्यासारखा विधी. आणि त्याच दिवशी घोरपड्यांचा चेंडू काटकोनात गेला. कोनशिलेवर.

“तुझ्याकडनंच लागलंय,” ते म्हणाले. “लेका, महिनाभर दबा धरून बसलं हुतं अंगात.”

“मी महिन्यात तुमच्याजवळही आलो नाही.”

“त्येच म्हणतोय मी. यायचंस की!”

तेवढ्यात वसुधा चहाची किटली घेऊन आली. तिनं दोन पेले आमच्या पुढ्यात जमिनीवर ठेवले, दोन पावलं मागे उभी राहिली, हात उंच केला आणि हातभर अंतरावरून चहा ओतला. धार सरळ पेल्यात. एक थेंब बाहेर नाही. मिरजेची आत्या धन्य झाली असती. घोरपड्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, मग कोल्हापूरच्या आपल्या घरातलं त्यांना काही तरी आठवलं असावं. त्यांनी टोपी काढली.

“वहिनी, चुकलं आमचं.”

“चूक कसली भाऊजी,” वसुधा म्हणाली. “शास्त्र म्हटलं की पाळायला हवं. चहा घ्या. मग बरणी आणते.”

बरणी पाहून ते लढाऊ गृहस्थ चक्क मागे हटले. पण वसुधा खुर्चीत बसली होती. त्यांचा पहिला फटका बरणीच्या बुडाला चाटून गेला आणि एक टवका उडाला, करंगळीच्या नखाएवढा.  दुसऱ्या फटक्यापासून ते सुधारले.

आम्ही चेंडू गोळा करत होतो तेव्हा फाटक पुन्हा वाजलं. डॉक्टर काळमेघ. एकटेच.

“तुम्हाला काय झालं?” मी विचारलं.

“मला काही नाही ना झालं! माझं सगळं सरळच चाललं आहे.” ते चिडून म्हणाले. “दोघे इथे बसून हसून राहिले, अन् मी तिकडे त्या मैदानात एकटा सरळ मारून राहिलो. मग बाहेर कोण बसलं बे, सांगा बरं?”

वसुधानं तिसरा पेला आणला. त्यांच्यासाठी तिनं किटली आणखी वर धरली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. कोनशिलेसमोर मी उभा राहिलो तेव्हा दोघेही मुद्दाम माझ्या अगदी जवळ उभे राहिले, जे नियमात बसत नाही. माझा चेंडू समोर गेला, सरळ, सुंदर, आणि तळ्यात पडला. “अरं पण सरळ गेला की मर्दा, सरळ बुडाला!” घोरपडे ओरडले, आणि काळमेघांनी वऱ्हाडीतली एक अशी शिवी दिली की ती इथे लिहिता येत नाही, पण त्या धुक्यात ती ऐकताना मला घरी आल्यासारखं वाटलं.

पुढे घोरपड्यांची बदली झाली, मग निवृत्त होऊन ते कोल्हापूरला गेले. काळमेघ अकोल्याला. मी संच विकला. सातव्या मजल्यावर रजई टांगायला दोरी नाही. बरणी आहे. टवक्याची बाजू वसुधा भिंतीकडे करून ठेवते.

या वर्षी धुकं पडलं त्याच सकाळी फोन वाजला. इतक्या वर्षांनी तोच पुटपुटणारा आवाज. “परत आलंय लेका. वहिनी हाईत का?”

मी फोन वसुधाकडे दिला. तिनं ऐकून घेतलं, बरणीकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, “चार दिवस बाहेर बसा, भाऊजी. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्या, आणि मगच काठीला शिवा.”